बावन्न लिटर

सॅक बावन्न लिटरची आहे म्हटलं,
तर माय म्हणाली, म्हंजे चाळीसचा एक कॅन
अन् वर बारा.
तिच्या हिशेबात दूध लगेच बसलं.
माझ्या हिशेबात अजून काहीच बसत नाही.

ब्रनोत सेमिस्टर संपलं जानेवारीच्या शेवटी.
सगळे निघाले: सारायेवो, मोस्तार, कोतोर, तिराना.
मिलेनानं नकाशावर पेन्सिलीनं रेघ ओढलेली
आणि प्रत्येक थांब्यापाशी एकेकाचं नाव,
ज्याच्या हट्टाखातर तिथं उतरायचं त्याचं.
माझं नाव कोतोरला होतं.
व्हिसाचे उरलेले चार दिवस,
शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता
त्याच्याही मागे कुठंतरी रांगेत.
मी म्हटलं, पुढच्या वेळी.
ती म्हणाली, मग ही सॅक तरी ने,
हिला तुझं गाव दाखव.

गंगाखेड हिचं बघून झालंय,
लोखंडी कपाटावरून, तीन आठवडे.

म्हणून आज फरशीवर मांडलंय सगळं.
टॉर्च, दोन ड्रेस, ओढणी, ओडोमॉस,
उणे अकरात घातलेले लोकरीचे मोजे
(पळस फुललाय बाहेर,
त्यांच्याकडं नुसतं बघून घाम येतो)
आणि मोबाईलवर आठ दिवसांचा आराखडा.

बाबा ड्युटीवरून आले.
एकतीस वर्षं स्टँडच्या नियंत्रण कक्षात, माईकसमोर.
घरातही तसंच बोलतात, जरा नाकातून,
जेवायला बसा म्हणतानासुद्धा
फलाट क्रमांक सांगतील असं वाटतं.
आराखडा बघितला. चष्मा वर केला.
“धारूरला दुपारची गाडी कुठून आणलीस?
ती बंद झाली लॉकडाऊनात.”

मग जुन्या वेबिलाच्या पाठीवर स्वतःच लिहायला बसले.
धारूरचा किल्ला सकाळीच उरक, दहा चाळीसची केज धर,
ती अकराला येती, पण तू दहा पस्तीसला उभी राहा.
परांड्यात मुक्काम नको.
नळदुर्गला हायवेवरच उतरा म्हणतील, ऐकू नको,
स्टँडात घ्यायला लाव.
खरोशाच्या लेण्यांना औशाहून निलंगा गाडी.
कंधारहून देगलूर, तिथून होट्टलला रिक्षा,
भाडं आधी ठरव.

पेन कुठंच अडखळलं नाही.
मी सहज विचारलं,
बाबा, नळदुर्गचा पाणीमहाल आतून कसाय?

पेन थांबलं.
“मी कुठं बघितलाय.
तोंडानं रोज जायलोय तिकडं.”

माय सूप पाखडत होती, तिचा हात चालूच राहिला.
कुटुंबाचा मोफत पास दरसाल येतो,
कपाटात पैठणीखाली राहतो,
मुदत संपली की माय त्यात कुंकू बांधून ठेवते.
हे मला माहीत होतं. माहीत असून
मी कोतोरसाठी रडले होते, विमानतळावर, चांगली अर्धा तास.

मी पेन घेतलं.
नळदुर्गपुढं लिहिलं: बाबा.
त्यांनी वाचलं. काही बोलले नाहीत.
बऱ्याच वेळानं माझा गुरुवार खोडला,
वर मंगळवार लिहिलं,
मंगळवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी असते.
मग अख्खा आराखडा दोन दिवस अलीकडं सरकवत बसले,
केज, कळंब, येरमाळा, पुन्हा पहिल्यापासून.

“अन् माझं नाव कुठल्या गावाला?”
माय सूप खाली ठेवून.
“किल्ले नगंत मला. पायऱ्या लई.
जिथं मला कुणी वळखत नाही
अशा एखाद्या स्टँडवर बसून
निवांत चहा प्यायचाय. तुम्ही या बघून.”

मोजे काढून टाकले. तिघांचं बसायला हवं आता
बावन्न लिटरमध्ये.

बाबा अजून तसा स्टँड शोधतायत.
रात्रीचे साडेदहा झाले.
जिथं जावं तिथला कंडक्टर
त्यांना आवाजावरून ओळखतो.